मांडवा ते रत्नागिरी सायकलवर: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी मी आखणी अगदी व्यवस्थित केली होती. रोज ऐंशी किलोमीटर, चार दिवसांत रत्नागिरी, पाचव्या दिवशी ऑफिसला हजर. तिसऱ्या संध्याकाळी मी आणि माझा मेहुणा बागमांडल्याच्या जेटीवर पोचलो, तेव्हा शेवटची फेरीबोट खाडीच्या मध्यावर होती आणि पलीकडे वेसवीचे दिवे लागत होते. टपरीवरचे काका ग्लास विसळता विसळता म्हणाले, "सायकलनं? रत्नागिरीला? मग किलोमीटर कशाला मोजताय, चढ मोजा." रात्रीच्या मुक्कामासाठी पाच किलोमीटर मागे हरिहरेश्वरला जावं लागलं. तेही चढावरून, अंधारात, एकमेकांशी न बोलता.

त्यानंतर हा रस्ता मी आणखी तीनदा केला. आता सहा दिवस घेतो आणि काकांचा हिशेब वापरतो. आमच्यासारखं जेटीवर उभं राहायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी जमीन समजून घ्या

किनाऱ्यानं जाणारा रस्ता म्हटला की डोळ्यांसमोर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माड येतात. असा रस्ता आहे, पण तुकड्यातुकड्यात. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या समुद्राला मिळण्याआधी रुंद होऊन खाड्या होतात आणि दर दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच, सपाट माळ असतो, त्याला इथं सडा म्हणतात. रस्ता खाडीच्या काठाला उतरतो, पाणी ओलांडतो, पुन्हा शंभर-दीडशे मीटर सड्यावर चढतो, थोडा सपाट चालतो आणि पुढच्या खाडीला उतरतो. दिवसभर हेच. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये असे दोन-तीन चढउतार सहज निघतात.

असं का, हे कळलं की चढाचा राग कमी येतो. इथली जुनी वाहतूक पाण्यानं चालायची, त्यामुळे गावांची तोंडं खाडीकडे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या नदीवर दोन जुनी गावं सापडतात: एक मुखाशी, जिथं समुद्रावरची गलबतं लागत, आणि दुसरं भरतीचं पाणी पोचतं तिथं, जिथं माल उतरवून बैलांवर लादून घाटावर नेत. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वर महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, वर चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वर संगमेश्वर. या गावांना एकमेकांशी जोडणारा किनारी रस्ता नंतरचा. तो होडीची वाट आडवी कापत जातो, म्हणून आपली दमछाक होते.

आपण जाणार तो मार्ग मुखाकडच्या गावांचा. वरच्या गावांना जोडणारा मुंबई-गोवा महामार्ग सायकलसाठी मी सुचवणार नाही. ट्रक आणि बसच्या मधे नवख्यानं अडकायचं कारण नाही.

२. कधी निघायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, मार्चनंतर दमट उकाडा सुरू होतो आणि मे महिन्यात सड्यावर दुपारी सायकल चालवणं म्हणजे तव्यावर चालणं. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं हे खरंच, पण पहिली सफर तेव्हा नको. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घसरडे उतार, झाकलेले खड्डे, हवामानावर अवलंबून असलेल्या बोटी, सगळं एकदम अंगावर येतं.

दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा. खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करतात. शिमग्यात गेलात तर पालख्या बघायला मिळतील, पण पोरं रस्त्यावर दोरी धरून पोस्त मागतात. तेव्हा उतारावर वेग आवरा आणि खिशात सुट्टे पैसे ठेवा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. थंडीत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा येतो, तो दक्षिणेला जाताना पाठीवर राहतो. उलटं रत्नागिरीहून मांडव्याला गेलात तर रोज दुपारी तोच वारा छातीवर घ्यावा लागतो.

३. सायकल

महाग सायकल लागत नाही, हलका गिअर लागतो. पुढची सगळ्यात लहान चक्री ३० दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असेल, तर सामानासकट बहुतेक चढ बसूनच जातात. साधी तीन चक्र्यांची हायब्रिड किंवा एमटीबी इथं उत्तम. शर्यतीची रोड बाइक असेल तर मागची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा संच, बदलून घ्या, नाहीतर बरंच चालावं लागेल. चालण्यात कमीपणा काही नाही, पण पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांत जांभ्यावर चालणं म्हणजे बर्फावर चालल्यासारखं.

टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास. गावातले रस्ते जागोजागी उखडलेले असतात आणि उताराच्या वळणावर लाल खडी पसरलेली असते. ब्रेकपॅड नवे टाका. चढापेक्षा उतारच जास्त धोक्याचा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर रिम तापते, म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रेकवर भार वाटायचा.

निघण्याआधी एक परीक्षा घ्या. सगळं सामान लादून शनिवार-रविवार सलग दोन दिवस चढाच्या रस्त्यावर जा. ठाणेकरांना येऊर आहे, पुणेकरांना सिंहगड. शनिवार सगळ्यांनाच जमतो, कळायचं ते रविवारी कळतं.

४. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स (मुक्कामाला मागतात, रेल्वेत सायकल बुक करतानाही उपयोगी)
- सायकलच्या बिलाची प्रत
- परतीचं रेल्वे तिकीट
- घरच्यांचे नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद, हँडलबारच्या बॅगेत वरच
- रोख पैसे, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा भरपूर. फोनवरून पैसे द्यायची सोय जवळजवळ सगळीकडे आहे, पण खाडीच्या तळाशी रेंज नसते

हत्यारं:
- तुमच्या मापाच्या दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, हातपंप
- अ‍ॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, चेनची जोडकडी
- ब्रेकपॅडचा एक जोड, गिअरची एक केबल
- मागच्या गिअरचा हँगर, तुमच्याच मॉडेलचा
- चेनचं तेल, जुनी बनियन, झिप टाय, चिकटपट्टी
- पुढचा-मागचा दिवा, शिट्टी

हँगरबद्दल जरा थांबून सांगतो. दुसऱ्या सफरीला मी एका खासगी बसच्या डिकीत सायकल आडवी टाकून नेली. क्लीनर म्हणाला, "बिनधास्त राहा साहेब." वर कोणाच्या तरी पिंपळपानाएवढ्या पातळ कापडात बांधलेल्या पितळी भांड्यांचं बोचकं आलं. उतरल्यावर बघतो तर मागचा गिअर आत वाकलेला. सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन टाकली की आरे खरखरायचे. चढाला नेमका तोच गिअर हवा असतो. पूर्ण दिवस मी चढ चालत काढले. हँगर हा मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, पण दापोली-गुहागरच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळेल अशी आशा धरू नका.

ट्यूबचंही तसंच. गावच्या दुकानात साध्या सायकलींच्या ट्यूब मिळतात. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पितळी अ‍ॅडॅप्टर जवळ ठेवा, म्हणजे मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे तरी हवा भरता येईल.

५. खाडी ओलांडायची रीत

या मार्गावर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) धरून पाच वेळा सायकल बोटीवर चढते: भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. शेवटच्या चार साध्या फेरीबोटी आहेत. पुढची फळी जेटीच्या उतारावर टेकते, गाड्या चढतात, सायकलचं तिकीट अगदी किरकोळ असतं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, आदल्या दिवशी संध्याकाळीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारा: "उद्या बोट चालू आहे ना? शेवटची कितीला?" वेळा जेटीप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे बदलतात, इंटरनेटवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पुलांची कामंही हाती घेतली आहेत, त्यामुळे रस्ते वळवलेले असू शकतात. बोट चुकली तर वळसा लहान नसतो. दाभोळची खाडी टाळून रस्त्यानं गुहागर गाठायचं म्हणजे खेड-चिपळूण करून शंभराच्या वर किलोमीटर.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. सुकतीला, म्हणजे पाणी उतरलेलं असताना, जेटीचा खालचा भाग उघडा पडतो. त्यावर हिरवं शेवाळ असतं आणि उतारही जास्त वाटतो. तिथं सायकलवर बसून उतरायचं नाही. खाली उतरा, सायकलच्या डोंगराकडच्या बाजूला राहा, मागचा ब्रेक धरून चाला. मेहुण्यानं ऐकलं नाही. पुढचं चाक सरकलं आणि तो बसल्या बसल्या तीन हात खाली गेला. लागलं नाही, पण बोटीवरच्या सगळ्या बायका हसल्या हे त्याला जास्त लागलं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत खारव्या-कोळ्यांकडे आहे: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे. साधारण सव्वासहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण सुकती. मिनिटाचा हिशेब नाही हा, पण जेटीवर काय दिसणार आहे याचा अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा चढउतार सगळ्यात मोठा.

६. सहा दिवसांचा मार्ग

पहिला दिवस: मांडवा ते रेवदंडा (सुमारे ४० किमी). भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो. मांडव्याहून चोंढी, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल करत रेवदंडा. जवळजवळ सपाट, वाड्यांमधून जाणारा रस्ता. म्हणून उगाच पुढे दामटू नका, आज शरीराला सामानाची सवय होऊ द्या. आक्षीला शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. श्रवणबेळगोळच्या लेखाचं नाव शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं, आक्षीचं फारसं कोणी घेत नाही. चौल हे कुंडलिकेच्या मुखाचं फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथं उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. रेवदंड्याचं गावच पोर्तुगीज कोटाच्या आत, तटाच्या दरवाज्यातूनच रस्ता जातो.

दुसरा दिवस: रेवदंडा ते दिवेआगर (सुमारे ६५ किमी). कुंडलिकेवरच्या पुलानं साळाव, मग कोर्लई. या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरात बोलली जाते. चहाला थांबलात तर कान उघडे ठेवा. पुढे काशीद, नांदगाव, मुरूड. काशीदच्या आसपास चढ सुरू होतात, पण छोटे. जंजिरा बघायचा असेल तर राजापुरीहून शिडाच्या होडीनं जाऊन यायला अर्धा दिवस जातो. तेव्हा एकतर मुरूडला मुक्काम करा, नाहीतर जंजिरा लांबूनच बघा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. आगरदांड्याहून दिघी. दिघीतून निघालं की पहिला खरा चढ लागतो. इथं गिअर खटकन बदलू नका, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका करून घ्या.

तिसरा दिवस: दिवेआगर ते वेळास किंवा केळशी (६० ते ७५ किमी). माझ्या मते संपूर्ण सफरीतला सगळ्यात सुंदर तुकडा दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून. रस्ता पाण्याच्या इतका जवळ की भरतीला तुषार अंगावर येतात. वळून आतल्या रस्त्यानं जाऊ नका, कोणी कितीही "तिकडनं जवळ पडेल" म्हणालं तरी. श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव आणि इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. वाडीत कोणाशी बोलणं निघालं तर हा विषय निघतोच, ऐकून घ्या.

हरिहरेश्वरहून बागमांडला, आणि आमच्या कुप्रसिद्ध जेटीवरून वेसवी. दुपारी तीनच्या आत ही बोट धरायची असं ठरवूनच सकाळी निघा. वेसवीहून रस्ता खाडीच्या काठानं बाणकोटला जातो. वरच्या हिंमतगडाला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. पलीकडे वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता जास्त प्रसिद्ध आहे ते समुद्री कासवांसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर घरगुती मुक्काम आधी सांगून ठेवा. पाय शिल्लक असतील तरच केळशीपर्यंत जा.

चौथा दिवस: केळशी ते दाभोळ (६० च्या आसपास). आकडा लहान दिसतो ना? हाच दिवस सगळ्यात जड. केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे, त्यावरून हर्णै. सकाळी किंवा संध्याकाळी पोचलात तर मासळीचा लिलाव बघा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं आंग्र्यांकडून घेतला तो. मग मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा रस्ता. प्रत्येक गाव खाली समुद्रावर आणि मधे प्रत्येक वेळी सडा. कोळथऱ्याच्या पुढे एका चढावर मी सायकल आंब्याच्या बुंध्याला टेकवली आणि एक अख्खी काकडी मीठ न लावता खाल्ली. इतकी गोड काकडी परत मिळाली नाही. जमत नसेल तर हर्णैहून वर दापोलीला जा, तिथं राहा आणि दुसऱ्या दिवशी दाभोळला उतरा.

दाभोळ एके काळी आदिलशाहीचं मोठं बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं. आज ते शांत गाव आहे, जेटीजवळ जुनी दगडी शाही मशीद बघून घ्या. 'दाभोळ' म्हटलं की वीजप्रकल्प आठवणाऱ्यांसाठी: तो इथं नाहीच, खाडीपलीकडे अंजनवेलला आहे.

पाचवा दिवस: दाभोळ ते जयगड (६५ च्या आसपास). पहिल्या बोटीनं धोपावे. अंजनवेलचा गोपाळगड करून गुहागरला पोहे-चहा. गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. पुन्हा तेच खाली-वर, पण आता पाय मुरलेले असतात. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी बघायची असते, तेव्हा घळीत शिरलेलं पाणी उंच उडतं. वर दिलेला तिथीचा हिशेब इथं कामाला येतो. खडक ओले असतात, कडेला जाऊ नका. तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडली की जयगड.

सहावा दिवस: जयगड ते रत्नागिरी (५० च्या आत). जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प असल्यामुळे सुरुवातीला अवजड गाड्या असतात, सकाळी सहालाच निघा. मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, आरे, वारे. आरे-वारेचा चढ दमवतो आणि वरून दिसणारा दुहेरी किनारा तो वसूल करून देतो. रत्नागिरीत वेळ असेल तर थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये इथंच वारला.

७. खाणं, पाणी, मुक्काम

कोकणातली खानावळ म्हणजे उघडं हॉटेल नव्हे. रात्रीचं जेवण हवं असेल तर सकाळी किंवा दुपारी फोन करून सांगावं लागतं: किती माणसं, शाकाहारी की मासे. आयत्या वेळी आठ वाजता दारात उभं राहिलात तर वहिनी बिचाऱ्या पिठलं-भात करून घालतील, पण त्यांची धावपळ होते. सांगितलेलं जेवण रद्द करायचं झालं तरी फोन करा.

सकाळी घावणे किंवा आंबोळी मिळाली तर सोडू नका, पोटात टिकते आणि जडही होत नाही. दुपारी मात्र भरपेट मासे खाऊन चढाला लागायचं नाही. मी एकदा खाल्ले.

पाणी तीन लिटर. सड्यावर तास-दीड तास एकही दुकान लागत नाही, सावलीही नाही. मीठ-साखरेची पाकिटं ठेवाच. त्याहून सोपं म्हणजे कोकमाचं आगळ एका छोट्या बाटलीत. दोन चमचे आगळ, चिमूटभर मीठ, अर्धा लिटर पाणी.

८. नेहमीचे सापळे

दोन मुरूड आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात. तसंच एक वेळास बाणकोटजवळ आणि दुसरं दिवेआगरजवळ. खोली बुक करताना तालुका विचारा. आमच्या ओळखीच्या एकानं दापोलीच्या मुरूडची खोली घेतली आणि संध्याकाळी जंजिऱ्यासमोर उभं राहून मालकाला फोन केला.

"पुढं सपाटच आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. सांगणारा खोटं बोलत नाही, तो रोज मोटारसायकलनं जातो. बाजारातल्या पोरांना विचारण्यापेक्षा डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या मावशीला विचारा: "मावशी, घाटी किती आहे?" ती बरोब्बर सांगते.

फोनचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. तो कधीकधी मोटारीचा विचार करून तुम्हाला महामार्गाकडे ढकलतो, आणि कधी जवळची वाट म्हणून पाखाडीवर घालतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. सामानासकट सायकल खांद्यावर घ्यायची तयारी असेल तर जा.

वाळूवर सायकल चालवायचा मोह होतो. पाच मिनिटं फोटोपुरती चालवा, पण मुक्कामाला पोचल्यावर गोड्या पाण्यानं धुवून, पुसून, चेनला तेल द्या. केळशीला मी कंटाळा केला. सकाळी चेन गेरूच्या रंगाची झाली होती आणि पहिला तासभर चरकासारखी वाजत होती.

एस.टी.ला वाट द्या. वळणावर हॉर्न ऐकला की डाव्या कडेला थांबाच, चालक वेळेत असतो आणि रस्ता एका बसपुरता असतो. अंधार पडल्यावर चालवू नका, सड्यावर गुरं रस्त्यातच बसलेली असतात.

जीव थकला तर सफर सोडून द्यायच्या वाटा माहीत असू द्या. श्रीवर्धनहून माणगाव, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण. तिन्ही ठिकाणी कोकण रेल्वेची स्टेशनं आहेत आणि तिथपर्यंत टेम्पो मिळतो.

९. सायकल परत आणणं

रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आणि चढावर आहे, एक तास वेगळा काढा. तिकीट असलेल्या प्रवाशाची सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून लगेज म्हणून जाते. मात्र सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते, म्हणून तिकीट काढायच्या आधी पार्सल ऑफिसात विचारून घ्या. गाडीच्या दोन तास आधी पोचा. दिवे, बाटली, बॅगा, पंप सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. पेडल काढा, हँडल आडवं वळवा, मागच्या गिअरवर जाड पुठ्ठा बांधा. पुठ्ठ्यावर मार्करनं नाव, गाडी नंबर, कुठून-कुठे हे दोन्ही बाजूंना लिहा.

सायकल गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंतच बुक करा. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात वरची पोती हलवून तुमची सायकल काढायला हमालाला वेळ मिळेलच असं नाही. पावती पाकिटात ठेवा, बॅगेत नको. उतरल्यावर ब्रेकव्हॅन गाडीच्या पुढे आहे की मागे ते विचारून तिकडे चालायला लागा, आणि सही करण्याआधी चाकं फिरवून बघा.